नांदेडची पावती

अनय : पप्पा, लांब काय उभे राहिलात? इकडं या की. हात तरी लावून बघा.

विश्वंभर : बघितली. छान आहे. चल आता, आई जेवायची थांबली असेल.

अनय : नुसती छान? अहो, सकाळपासून या मंगल कार्यालयातल्या जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात घड्याळं, ग्रामोफोन आणि निजामाची नाणी बघत फिरतोय. म्हटलं, लातूरला काय मिळणार? आणि शेवटच्या टेबलावर ही! कलकत्त्याची इलेक्ट्रिक गिटार, शहात्तर सालची. पुण्यात आमच्या ग्रुपमधले लोक हिच्यासाठी रांग लावतील.

संगप्पा : पुण्याचं सोडा हो साहेब, हैदराबादच्या पार्टीचा दोनदा फोन येऊन गेला. मीच म्हटलो, फोनवर सौदा नको. गिटार हातात घेऊन बघणाऱ्यालाच देणार.

अनय : दांडी सरळ आहे का? थांबा, डोळ्याला लावून बघतो... एकदम सरळ! चाळीस वर्षांत वाकली नाही.

संगप्पा : वाकंल कशी? जुनं सागवान हाय. तारांचा आवाज पकडणारी पिकअप बी असलीच हाय, उघडून बघा पाहिजे तर. डाग दिलेली वायर सुद्धा कुणी बदलली न्हाई. नकली माल संगप्पाच्या टेबलावर सापडायचा न्हाई. उदगीरात कुणालाही विचारा.

अनय : पण हे तिसरं बटण वेगळं आहे.

संगप्पा : हाव, तेवढं एक बदललेलं हाय. रेडिओचं लावलंय कुणी तरी. म्हणून तर भाव कमी सांगून राहिलो तुम्हाला.

अनय : पप्पा! रेडिओचं बटण!

विश्वंभर : ऐकलं. एवढं ओरडायला काय झालं?

अनय : तुमच्या ऑफिसातला फोटो आठवा. स्टेजवरचा, तुमची बेलबॉटम आणि ते भलेमोठे केस. त्या गिटारला खालचं बटण पांढरं आहे. मी लहानपणी विचारलं होतं, तुम्हीच म्हणाला होतात, रेडिओचं आहे म्हणून.

विश्वंभर : हे बघ अनय, नीट लक्षात घे. त्या काळात सुटे भाग मिळायचे नाहीत. मराठवाड्यात ज्याच्या ज्याच्या गिटारचं बटण तुटलं, त्यानं रेडिओचंच लावलं. यावरून काहीही सिद्ध होत नाही.

अनय : वर्गात शिकवल्यासारखं नका बोलू हो. आणि हे? दांडीच्या टोकाला, तारांच्या मागं, हे काळे डाग?

संगप्पा : उदबत्तीचे हायत ते. ऑर्केस्ट्रावाले कार्यक्रमाआधी पूजा करायचे ना, नारळ फोडायचा आन् उदबत्ती तारांत खोचायची. प्रत्येक कार्यक्रमाला एक चटका. मोजा बसून.

अनय : मुरुडचा ऑर्केस्ट्रा! पप्पा, तुम्हीच सांगितलंय, तुम्ही तारांत उदबत्ती खोचायचात. ही तीच आहे. अहो, तीच आहे ही!

विश्वंभर : हळू बोल. लोक बघतायत.

अनय : बघू देत! संगप्पाकाका, तुम्हाला ठाऊक नाही तुम्ही काय विकायला बसलाय. हे माझे वडील. विश्वंभर सर. औसा रोडला फिजिक्सचा क्लास आहे ना...

संगप्पा : अय्यो! विश्वंभर सर म्हणजे तुम्हीच? आधी सांगायचं की हो! माझा भाचा तुमच्याच हाताखालून गेला, आज अहमदपूरला डॉक्टर हाय. बसा सर, खुर्ची घ्या. ती भूकंपाची गोष्ट तुमचीच ना? भाच्यानं घरी येऊन सांगितली तव्हा आमची बहीण रडली होती.

विश्वंभर : राहू द्या हो. उभाच बरा आहे.

अनय : तीच गोष्ट. त्र्याण्णव साल, अनंत चतुर्दशीची रात्र. औशाच्या पुढं एका गावात यांचा ऑर्केस्ट्रा. कार्यक्रम संपला, गिटार पाटलांच्या माडीवर ठेवली, सकाळच्या शाळेसाठी हे टेम्पोनं लातूरला परतले आणि पहाटे भूकंप. माडी गेली, गिटार गेली. मग यांनी ठरवलं, आता हातात खडू घ्यायचा. दर तीस सप्टेंबरला हे वर्गात सांगतात. परवा सोमवारी पुन्हा सांगतील, वीस वर्षं होतायत. आणि बघा, नेमकी आजच ती सापडली! ढिगाऱ्यातून कुणी तरी काढली असणार. अंगावर काटा आला माझ्या.

संगप्पा : ढिगाऱ्यातून?

अनय : मग काय!

संगप्पा : ढिगाऱ्याचा माल मी पुष्कळ बघितलाय साहेब. माती फटीत बसती, कितीबी पुसा, जात न्हाई. हिला साधा पोचा न्हाई. आन् हिचा तर कागद हाय.

विश्वंभर : कागद-बिगद राहू द्या. अनय, तुला आवडली ना? घे. भाव करू नकोस, ते म्हणतील ते देऊन टाक. चल.

संगप्पा : असं कसं सर? आमच्या धंद्यात कागदाशिवाय जुन्या वस्तूला किंमत न्हाई. नांदेडला वजिराबादेत जुन्या सामानाचं एक दुकान होतं. मालक लई शिस्तीचा माणूस. कुणी वस्तू विकायला आणली की पावती करायचा, विकणाऱ्याची सही घ्यायचा आन् पावती त्याच वस्तूला चिकटवून ठेवायचा. ते वारले तव्हा पोरानं सगळा माल काढला, त्यात मी ही उचलली. ही बघा, पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली हाय.

विश्वंभर : नको वाचूस.

अनय : का?

विश्वंभर : नको म्हणतोय ना.

अनय : "एक इलेक्ट्रिक गिटार, पेटीसह, चालू स्थितीत. दिनांक चौदा डिसेंबर एकोणीसशे त्र्याण्णव." डिसेंबर? भूकंप सप्टेंबरात झाला. "विकणार..." पप्पा, ही तुमची सही आहे.

संगप्पा : मी जरा चहा सांगून येतो. पेटी तेवढी टेबलावरच ऱ्हाऊ द्या.

अनय : पप्पा.

विश्वंभर : हं.

अनय : ही सही मी बारावीपर्यंत दर आठवड्याला टेस्टच्या पेपरवर बघितलीय. खालच्या दोन टिंबांसकट.

विश्वंभर : माझीच आहे.

अनय : म्हणजे गिटार गेलीच नव्हती?

विश्वंभर : नाही. माझ्याबरोबर टेम्पोतून लातूरला आली. जमीन हलली तेव्हा आम्ही सगळे अंगणात पळालो आणि ही खोलीत खाटेखाली होती. तिला काही झालं नाही.

अनय : मग विकलीत, असं सांगायचं ना! त्यात लपवण्यासारखं काय होतं? स्वतःची वस्तू माणूस विकतोच की.

विश्वंभर : स्वतःची नव्हती रे.

अनय : म्हणजे?

विश्वंभर : शेषेरावभाऊंची होती. मुरुडचे. ऑर्केस्ट्रा त्यांनी उभा केला, गिटार त्यांची. मला धरायला सुद्धा त्यांनीच शिकवलं. त्या चतुर्दशीला त्यांच्या बोटाला विळा लागला होता, म्हणून म्हणाले, विशू, आज तू वाजव. पेटी स्वतः टेम्पोत ठेवली, खाली गोधडी घातली.

अनय : फोटोतली?

विश्वंभर : फोटोतली त्यांचीच. मी एक गाणं वाजवायला हातात घेतली, तेवढ्यात कुणी तरी फोटो काढला.

अनय : आणि तुम्ही त्यांना काय सांगितलंत?

विश्वंभर : दुसऱ्या दिवशी ते ट्रकवर बसून मुरुडहून आले. त्यांना वाटलं होतं, आम्ही त्या माडीवरच झोपलो. पाटील आग्रह करत होते ना, राहा म्हणून. आम्हाला जेवू घातलं त्या माणसानं, आणि सकाळी घरात कुणी उरलं नाही. भाऊंनी मला दारात बघितलं आणि मिठी मारली. लहान लेकरासारखे रडले. गिटारचं नावसुद्धा काढलं नाही. मीच म्हणालो, भाऊ, गिटार माडीवरच राहिली.

अनय : का?

विश्वंभर : वीस वर्षं मीही स्वतःला तेच विचारतोय. शाळेची नोकरी तात्पुरती होती. जानेवारीत बारावीची उजळणी बॅच काढायची मनात होती, बाक हवे होते, खोली हवी होती. पण त्या क्षणी हे सगळं डोक्यात होतं का? ठाऊक नाही. तोंडातून निघून गेलं. आणि त्या दिवसांत "भूकंपात गेलं" म्हटलं की कुणी उलट प्रश्न विचारायचं नाही. कोण विचारणार?

अनय : आणि त्या पैशांतून घेतलेल्या बाकांवर मीही बसलो.

विश्वंभर : पुढं एका पोरानं फोटो बघून विचारलं, सर, ही कुठंय? म्हटलं, भूकंपात गेली. वर्ग एकदम शांत झाला. पुढच्या वर्षी पोरांनीच सांगायला लावलं. मग "गिटार गेली"चं "माझी गिटार गेली" कधी झालं, मलाच कळलं नाही.

अनय : हँडबिलावर छापलंय पप्पा! चौकातल्या फलकावर लिहिलंय! सातवीत मी निबंध लिहिला होता, माझे बाबा. बाईंनी सगळ्या वर्गात वाचून दाखवला. मी गिटार शिकलो ते का? तुमची गेली म्हणून. मला वाटायचं, बाबांचं राहिलेलं मी पुरं करतोय.

विश्वंभर : बोल. बोल तू. माझी लाज मलाच खायला उठलीय. तू गिटारचा पहिला क्लास लावलास तेव्हा मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो होतो.

अनय : ते शेषेराव आहेत का अजून?

विश्वंभर : आहेत. मुरुडलाच. शेती बघतात. ऑर्केस्ट्रा नंतर बंद पडला. पंधरा-सोळा वर्षांत मी त्या रस्त्याला गेलो नाही. सोलापूरला जायचं झालं तरी औशावरूनच जातो.

संगप्पा : घ्या सर, चहा. साखर जास्तीची हाय. साहेब, पहिला भाव इसरा, मी अजून खाली येतो. फक्त एक हाय, दुपारपर्यंत थांबावं लागंल. एक म्हातारबाबा येतेत, त्यांचा हात लागल्याशिवाय मी ही कुणाला देत नसतो.

अनय : कोण म्हातारबाबा?

संगप्पा : नाव काय की बा, कधी विचारलं न्हाई. तीन वर्सं झाली, इथं प्रदर्शन लागलं की दुसऱ्या दिवशी येतेत. हिला मांडीवर घेतेत, पुसतेत, थोडं वाजवतेत आन् ठेवून जातेत. पहिल्या वर्सी म्या म्हटलो, घ्या की. म्हणले, न्हाई. ह्या तारा नव्या दिसून राहिल्या ना? गेल्या साली त्यांनीच आणून लावल्या. म्हणले, गंजल्या तारा बघवत न्हाईत.

विश्वंभर : त्यांनी ही पावती बघितलीय?

संगप्पा : पहिल्याच साली. चष्मा घरी ऱ्हायला होता त्यांचा, म्याच वाचून दाखवली. का बरं?

विश्वंभर : नावासकट?

संगप्पा : नावासकट. तारखेसकट.

विश्वंभर : अनय, मी गाडीत जाऊन बसतो. गिटार तू घे, त्यांना दे. तुझं नाव सांग, माझं नको. मला उभं राहवणार नाही त्यांच्यासमोर.

अनय : न्यायची तर तुम्ही न्या. तुमच्या हातानं द्या. मी इथंच थांबतो, पण मधे बोलणार नाही.

विश्वंभर : हात जोडतो तुला.

संगप्पा : सर, आले बघा ते. पांढरी टोपी, हातात पिशवी.

(शेषेराव टेबलापाशी येतात. संगप्पा खुर्ची पुढं करतो आणि पलीकडच्या गिऱ्हाइकाकडं वळतो.)

शेषेराव : रामराम सर.

विश्वंभर : भाऊ.

शेषेराव : बसा, बसा. उठता कामून? हा लेक ना? लहान होता. तोंडावळा आईचा हाय.

विश्वंभर : भाऊ, मला सर नका म्हणू.

शेषेराव : नातीचे सर, ते आमचे सर. शिल्पा तुमच्याकडंच हाय ना बारावीला. तिसऱ्या बाकावर बसती. होस्टेलला ऱ्हाती, शनिवारी येती घरी.

विश्वंभर : शिल्पा? मुरुडची शिल्पा तुमची नात? मला... मला माहीत नव्हतं.

शेषेराव : सहाशे लेकरं तुमच्याकडं. कोणाकोणाचं घर ध्यानात ठेवाल? लई मानती तुम्हाला. सुट्टीला आली की सर असं म्हणले, सर तसं म्हणले. भूकंपाची गोष्टबी तिनंच सांगितली. अकरावीला होती तव्हा. जेवता जेवता सांगितली, तुमची गिटार कशी गेली ती. मंग म्हणली, आजोबा, तुमची बी भूकंपातच गेली ना?

विश्वंभर : तुम्ही काय म्हणालात?

शेषेराव : म्हटलो, हाव बाई. दोघांची बी गेली.

विश्वंभर : भाऊ, तुम्हाला माहीत होतं! तुम्ही पावती ऐकली होती. दारात येऊन माझ्या थोबाडीत का मारली नाहीत?

शेषेराव : यायचं मनात होतं. पावती ऐकली त्या दिवशी इथून पायी निघालो होतो तुमच्या क्लासकडं. रस्त्यानं सगळी लेकरं, पाठीला दप्तरं. कोणाच्या समोर मारू? परत फिरलो, यष्टीत बसलो.

विश्वंभर : चूक झाली म्हणायची सुद्धा लाज वाटते. चूक नव्हतीच ती. तुम्ही माझ्या गळ्यात पडून रडत होतात आणि ती आत खाटेखाली होती.

शेषेराव : गिटारचं जाऊ द्या. वस्तू हाय. दुसरी एक गोष्ट हाय, ती कोणालाच सांगितली न्हाई. सांगू का?

विश्वंभर : सांगा.

शेषेराव : तुमच्या घरून मी तसाच त्या गावाला गेलो. आठ दिवस होतो. पाटलाच्या माडीचा ढिगारा आम्हीच उपसला. पाटील निघाले, पाटलीणबाई निघाल्या, मागून त्यांची सून. आन् प्रत्येक खेपेला दगड उचलला की माझ्या मनात यायचं, आता पेटीचा कोपरा दिसंल. समोर माणसं निघून राहिलीत आन् मी पेटी बघून राहिलो! लई लाज वाटली सर. वीस वर्सं. त्या पायी, हितं ही सापडंपतुर, पुन्हा वाजवलं न्हाई. ऑर्केस्ट्रा मोडला तो त्या पायी, गिटार गेली म्हणून न्हाई. घरी सुद्धा कोणाला सांगितलं न्हाई, काय म्हणले असते? आन् इथं ह्या गड्यानं पावती वाचली तव्हा कळलं. तिथं नव्हतीच ती.

विश्वंभर : भाऊ... भाऊ, मी तुमचे पाय...

शेषेराव : अहो, काय करून राहिलात? उठा आधी. माणसं बघतेत. क्लासची लेकरं फिरत असतील हितं.

विश्वंभर : बघू देत. परवा तीस तारीख आहे. मी वर्गात उभं राहून खरं सांगतो. तुमचं नाव घेऊन. फलक उतरवतो.

शेषेराव : न्हाई.

विश्वंभर : मला सांगितलंच पाहिजे.

शेषेराव : तुम्हाला हलकं वाटंल, ते ठीक हाय. पण शिल्पा तिसऱ्या बाकावर बसलेली असंल. फेब्रुवारीत तिची परीक्षा हाय. आमच्या घरात डॉक्टरीचं नाव काढणारी ती पहिलीच. तुम्ही म्हणले रात्री दहाला झोप, तर दहाला झोपती. तुम्ही म्हणले हे गणित येणार, तर शंभर वेळा करती. तिचा तुमच्यावरचा इस्वास आत्ता मोडू नका. परीक्षा होऊ द्या. मंग सांगा.

विश्वंभर : म्हणजे परवा पुन्हा तीच गोष्ट सांगू? तुमच्या नातीसमोर?

शेषेराव : सांगा. नेहमीसारखीच सांगा. मधेच थांबला तर ती घरी येऊन विचारंल, सरांना काय झालं होतं म्हणून.

अनय : आजोबा, मी मधे बोलणार नव्हतो. पण गिटार तरी घ्या. तुमचीच आहे. मी गाडीतून मुरुडला पोचवतो, आत्ताच्या आत्ता.

शेषेराव : वाजवतोस का रं बाळा?

अनय : वाजवतो. थोडी थोडी.

शेषेराव : मंग वाजव जरा. तारा मी लावल्यात, सूर उतरला का बघ. घरी न्यायचं म्हणशील तर आज न्यायला येत न्हाई.

विश्वंभर : का भाऊ? एवढं तरी करू द्या मला.

शेषेराव : शनिवार हाय आज. शिल्पा सांजच्याला घरी येती. पेटी बघितली की पहिलं हेच विचारंल, आजोबा, ही तर भूकंपात गेली होती ना? मंग मी काय सांगू, विशू?